भिंतीवरचं अंडं

१८ जानेवारी, रविवार

तांबडी गेली. काल दिवेलागणीला. मान फोडलेली, बाकी अंग जसंच्या तसं. खाल्ली असती तर निदान कुणाचं तरी पोट भरलं म्हणालो असतो. रक्त प्यायचं आणि टाकून जायचं, ही कसली भूक?

आज पेरूखाली पुरली. शोभा ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "पुरा, पुरा. हार बी घाला." मी माती लोटत राहिलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

देवगावहून अक्काने सहा कोंबड्या आणि एक कोंबडा दिला, त्याला वर्ष होत आलं. शोभाचा गुडघा गेला, हॉस्टेलच्या मेसमधलं पोळ्यांचं काम सुटलं आणि ती दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागली, तेव्हाची गोष्ट. मी एकच अट घातली होती. अंडी विक, वाट, काय वाटेल ते कर. पण या घरातली कोंबडी कापायची नाही आणि कापायला विकायचीही नाही. ती हसली होती. "मग म्हातारपणी पेन्शन द्यायची का त्यांना?" पण पाळलं तिने. आता अंगणात तिचंच राज्य आहे. कोण कुठे अंडं देते, कोण कुणाला टोचते, सगळं तोंडपाठ. पूर्वीसारखी भांडायलाही लागली आहे.

काळी खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे. शोभाचा सगळा जीव तिच्यात. मला आता तिचीच काळजी.

१९ जाने., सोम.

मला वाटलं बोका असेल. भिंतीपलीकडून युसूफभाईंनी मान काढली. वेल्डिंगचं दुकान पोराकडे दिल्यापासून त्यांना दिवसभर हेच काम, भिंतीवरून बघणं.

"बिल्ली नहीं भाऊ. बिल्ली उठा के ले जाती. ये नेवले का काम है."

"तुम्हाला काय माहीत?"

"अपनाच नेवला है ना. रोज आता."

अपनाच! गेल्या पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीत साप निघाला. तेव्हापासून हे गृहस्थ भिंतीवर दुधात पाव कुस्करून ठेवतात. शुक्रवारी हाडं. लेणीच्या डोंगराकडून आलेलं जनावर, यांनी घरजावई करून ठेवलं. वर मलाच समजावतात, "नेवला रहा तो साप नहीं आता. तुमच्या बी फायद्याचंच हाय."

म्हणालो, साप तुमचा, मुंगूस तुमचं, आणि कोंबड्या मात्र माझ्या.

"गुस्सा नक्को करो भाऊ," म्हणाले आणि हसले. ते हसणं दिवसभर डोक्यात राहिलं. कंपनीत दोन पार्ट चुकीचे लावले.

शोभाला सांगितलं तर म्हणते, "मुंगूस दिसणं शुभ असतं म्हणतात."

"कुणासाठी शुभ?"

"ते नाय सांगितलेलं कुणी."

२१ जाने., बुध.

फर्स्ट शिफ्ट संपवून तसाच शहागंजला गेलो. जाळी आणली. खुराड्याला चारी बाजूंनी ठोकली, खाली फरशीचे तुकडे रचले. अंगठा ठेचला. अंधार पडायच्या आत झालं याचं समाधान वाटलं, तेवढ्यात शोभा लिंबू घेऊन आली आणि जाळीच्या भोकातून आरपार टाकलं.

"तुमचं मुंगूस एवढ्यातून तोंड घालायला लाजतं का?"

दुकानदाराला दोनदा विचारलं होतं, ही कोंबड्यांचीच जाळी ना? "कोंबडीचीच हाय काका. एक बी कोंबडी बाहेर जाणार नाय." खोटं बोलला नाही तो. बाहेर जाण्याबद्दल बोलत होता. आत येण्याबद्दल मी विचारलंच नाही. स्वतःचाच राग आला, आणि स्वतःवरचा राग काढायला जागा नसते म्हणून शोभावर ओरडलो. लिंबू उचलून आत गेली. रात्री सरबत करून दिलं त्याचंच. प्यायलो.

उद्या जाळीवर जाळी ठोकणार.

२३ जाने., शुक्र.

कबरी गेली.

दुहेरी जाळी, फरशा, विटा, सगळं जागच्या जागी. गेली ती उघड्या दारातून. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. कोंबड्या दिवेलागणीला आपल्या आपण खुराड्यात शिरतात, मी आत येऊन मेणबत्ती लावतो, वंदना म्हणतो, आणि मग जाऊन दार लावतो. आबा देवगावला तसंच करायचे. आधी वंदना, मग कोंबड्या डालायच्या. वंदनेच्या आधी दार लावलं तर मागे राहिलेली एखादी बाहेर अडकते, असं ते म्हणायचे. तेवढ्या थोड्या वेळात त्याने डाव साधला.

शोभा या वेळी चेष्टा करत बसली नाही. कबरीला मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "ऐका. काळीची पिल्लं निघाली तर राहू द्या. तिची अंडी गेली तर मी सगळ्या शहागंजला देऊन येणार. मंगळवारी तिथला माणूस घेतो."

"तो कापायला घेतो."

"मंग? इथं काय होतंय? तिथं एका झटक्यात तरी होईल. ह्ये असं रोज मरायचं, तुम्ही रोज पुरायचं. माझ्यानं नाय बघवत."

"कबूल केलं होतंस."

"तुम्ही बी कबूल केलं होतं, सांभाळू म्हणून."

खरं होतं ते. म्हणून जास्तच राग आला. पेरूखाली तांबडी आहे, म्हणून कबरीचा खड्डा थोडा लांब घ्यावा लागला.

२५ जाने., रवि.

विहारात गेलो. भंतेजी मैत्रीभावनेवर बोलले. सगळे प्राणी सुखी होवोत. हात जोडून बसलो होतो आणि मनात एकच, सगळे होवोत, एक सोडून. असं म्हणता येत नाही हे कळतं. म्हणत होतो तरी.

पहिलं शील, जीव न घेण्याचं, लहानपणापासून म्हणतोय, अर्थ न कळत्या वयापासून. कधी जड गेलं नाही. आता वाटतं, माझ्यापुढे मारण्यासारखं काही आलंच नव्हतं, म्हणून सोपं होतं.

२७ जाने., मंगळ.

डब्याच्या सुट्टीत गायकवाडला सांगून बसलो. स्टोअरमधला गायकवाड, सोयगावकडे शेती आहे त्याची. म्हणाला, "येवढं टेन्शन कशाला घेता साळवे? अंड्यात पावडर भरायची, भिंतीवर ठेवायचं. हाताला रक्त नाय, आवाज नाय."

"पाप?"

"खाणारं खातं. आपण काय तोंडात घालतो का?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. सुट्टी झाल्यावर त्याच्या गाडीच्या डिकीतून पुडी काढून त्याने माझ्या पिशवीत टाकली. घरात आणली नाही. मोरीमागे हत्यारांच्या फळीवर, डब्यामागे ठेवली. मूर्ती असलेल्या घरात ती नको. फळी काय दुसऱ्या कुणाच्या घरात आहे?

२८ जाने., बुध.

आज जे कळलं ते लिहितोय. रागाने.

जेवताना शोभा सहज म्हणाली, "त्याला तुमचा आवाज कळतो. तुमचं नमो तस्स सुरू झालं की भिंतीवर येतं. दोनदा बघितलं मी."

घास हातात राहिला. "दोनदा? आणि सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? वंदना चालू असताना मधी बोलायचं नाय म्हणून तुम्हीच डोळे वटारता. कबरीच्या दिवशी मी खोकले. तीनदा खोकले."

खोकली होती. आठवलं. आणि वंदना संपल्यावर मीच तिला बोललो होतो, पाणी पिऊन बसत जा म्हणून.

"उठून जायचं."

"उठलं की म्हणता, मन नाय हिचं."

म्हणजे मी आत डोळे मिटून सगळ्या प्राण्यांचं भलं चिंततोय, आणि ते बाहेर माझ्या आवाजाची वाट बघत बसलंय. कुणी घंटा वाजवून जेवायला बोलवावं तसं मी रोज त्याला बोलावतोय. आणि माझी बायको माझ्याच शिस्तीने तोंड दाबून बसली आहे.

हसू आलं असतं एखाद्याला. मला नाही आलं.

२९ जाने., गुरु.

अक्काला फोन लावला. आबा डालायच्या आधी वंदना म्हणायचे ना, एवढंच विचारायचं होतं. माझं बरोबर आहे हे कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

"म्हणायचे की. पण अंगणात बसून म्हणायचे रे येड्या, खुराड्यापाशी. हातात काठी. तेव्हा घरात बसायला जागा कुठं होती? एका खोलीत आपण सात जण."

मला अंगण आठवेना. आवाज आठवतो, क्रम आठवतो. आबा कुठे बसायचे ते साफ विसरलो. टाइल्स लावलेली खोली झाली, मूर्तीला कोनाडा झाला, आणि मी वंदना आत आणली. कोंबड्या तेवढ्या बाहेर राहिल्या.

शोभा म्हणाली, "मंग बसा उद्यापासून अंगणात. मिटलं."

सोपं होतं. पण मला चीड आली. एका मुंगसासाठी मी वंदनेची जागा हलवायची? युसूफभाईंनी भिंतीवरून बघायचं? त्या जनावराला कळायला नको की माणूस उठला, माणूस सरकला. नाही बसणार, म्हणालो.

"तुमची लढाई हाय कुणाशी?" तिने विचारलं.

३० जाने., शुक्र. पहाटे

केलं. सुईने भोक पाडलं, थोडा बलक काढला, पुडी भरली. भोक मेणाने बुजवलं. घरात मेण कुठलं असणार, वंदनेच्या मेणबत्तीचंच. भिंतीवर, दुधाच्या वाटीजवळ ठेवलं. शोभा झोपलेली आहे. शिफ्टला निघतो.

३१ जाने., शनि.

कालचं आज लिहितोय. काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.

काल ओव्हरटाइम निघाला. दिवेलागणीच्या सुमाराला घरी पोचलो. आधी भिंत बघितली. अंडं नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. आता मुंगूस कुठेतरी मरून पडलं असेल, असं मनात आलं आणि त्याचा आनंद झाला.

शोभा भाजी निवडत होती. म्हणाली, "पांढरी भिंतीवर जाऊन अंडं द्यायला लागली. युसूफभाईंनी आणून दिलं सकाळी. म्हणाले, भाभी, तुमची मुर्गी आमच्या साइडला सरकायली. भले माणूस. त्यातलीच दोन दिली मी त्यांना."

"त्यातली म्हणजे?"

"अंड्यांच्या वाटीतली. तेबी त्यातच ठेवलं होतं. काय झालं?"

वाटीतली अंडी ओट्यावर काढली. एकेक अंडं फिरवून बघितलं. कशालाच मेण नव्हतं. "अहो, काय झालं?" करत ती मागे येत होती. चप्पल न घालता पळालो.

युसूफभाईंकडे त्यांच्या बायकोने, भाभींनी, तवा ठेवला होता. दोन्ही अंडी ताटलीत. एकावर मेणाचा ठिपका. तिळाएवढा. मी हात घालून उचललं.

"क्या हुआ भाऊ?"

"खराब आहे हे."

"बाहर से देख के समझ गया? डॉक्टर हो गए क्या?" भाभी हसायला लागल्या. युसूफभाई खाटेवरून म्हणाले, "मुर्गीवाले आदमी है, उनको समझता." आणि चहा घ्या म्हणून बसवायला लागले. मी उभाच. मुठीत अंडं. कसंबसं निघालो.

अंगणात आलो तर खुराड्याचं दार उघडं. शोभा माझ्यामागे त्यांच्या फाटकापर्यंत आली होती. दाराकडे बघायला कुणीच नव्हतं. काळीची अंडी फरशीवर आपटून फोडलेली. माझ्याच फरशीवर, मीच रचलेल्या. पिल्लं जवळजवळ तयार होती. एकाची चोच दिसत होती. काळीचा एक पंख रक्ताळलेला, पण जिवंत.

काल वंदना झालीच नव्हती. आता त्याला आवाजाचीही गरज उरली नाही.

शोभाला सगळं सांगितलं. पुडी, मेण, सगळं. मुठीतलं अंडं लांब नेऊन खोल पुरलं. वाटीतली बाकीची अंडीही. ती बघत होती. एवढंच म्हणाली, "तवा गरम होता त्यांचा."

१ फेब्रुवारी, रवि. पौर्णिमा

विहारात गेलो नाही. पांढरे कपडे काढून ठेवले होते, तसेच घडी करून परत ठेवले.

काळी रिकाम्या गवतावर बसली आहे. उठत नाही. दाणे टाकले तर मान वळवते.

राग गेलेला नाही. वाटलं होतं जाईल. मुंगसाचा राग येतो, गायकवाडचा येतो, त्या दुधाच्या वाटीचा येतो. रोज येतो तसाच. फक्त पूर्वी त्या रागात माझी बाजू खरी होती.

सायंकाळी शोभा म्हणाली, "मंगळवारी नेते."

मी म्हणालो, "आपलं ठरलंय."

"काय ठरलंय? एक बी जीव जाणार नाय, असंच ना? तुम्ही त्या मुंगसाचा घ्यायला निघालात तेव्हा मला विचारलं होतं? मंग मी कोंबड्या नेताना तुम्हाला कशाला विचारू?"

तो शब्द मी पाळत होतो, तोवर त्याला वजन होतं. आता नाही.

२ फेब्रु., सोम.

युसूफभाई फाटकातून आले. भिंतीवरून नाही. टोपी हातात. काळीची अंडी गेल्याचं शोभाकडून कळलं होतं त्यांना. तेवढंच कळलं होतं.

"गलती मेरी है भाऊ. मैंने आदत लगाई उसको. आज से वाटी बंद." मग खुराड्याभोवती फिरले, खाली वाकून बघितलं, फरशी पायाने हलवली. "ये ऐसा नहीं चलता. नीचे से बी लोहा लगता. अँगल की फ्रेम करता मैं, बारीक जाळी, दार आपल्या आप बंद होणारं. उद्या येतो, पोराकडून मशीन आणतो."

मी म्हणालो, कशाला त्रास.

"त्रास क्या? भाभी ने अंडे दिये, तुम खुद दौड़ के खराब वाला वापस लेने आये. इतना कौन करता है आजकल?"

शोभा दारात उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "सांगा त्यांना."

"काय म्हणून सांगू?"

"जे हाय ते. माझ्याशी बोलायचा तुमचा हक्क तिथून सुरू होतोय. आधी त्यांना सांगा, मंग कोंबड्यांचं बोला."

रागाने भांडं आपटलं मी. तिने उचलून परत फळीवर ठेवलं.

३ फेब्रु., मंगळ.

रजा टाकली.

युसूफभाई सकाळीच आले. फ्रेम तयार करूनच आणली आहे, अंगणात आडवी टाकून जाळी ओढतायत. गाणं गुणगुणतायत. मध्येच, "भाऊ, हे टोक धरा," "भाऊ, जोर लावा." मी धरतो. दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यांनी ग्राइंडर सुरू केला. दुसऱ्यांदा काहीच आवाज नव्हता.

शोभाने तिन्ही कोंबड्यांचे पाय सुतळीने बांधून त्यांना ओट्यावर ठेवलंय. कोंबडा डालग्याखाली आहे. काळीला हात लावला नाही. नवी साडी नेसली आहे, पिशवी तयार आहे. पण रिक्षाला हाक मारलेली नाही. काठी टेकून बसली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. युसूफभाईंनी विचारलं, "भाभी, ये कहाँ चली सवारी?" ती म्हणाली, "ह्यांना विचारा."

ते माझ्याकडे वळले. मी म्हणालो, पक्कड आणतो.

आत येऊन हे लिहितोय. मुंगूस भिंतीवर आहे, खिडकीतून दिसतंय. रिकाम्या वाटीत तोंड घालून बघून गेलं, परत आलं. दगड मारावासा वाटतोय. अजूनही. त्याला माझ्याबद्दल काहीच वाटत नाही, याचाच जास्त राग येतो.

युसूफभाईंना सांगितलं तर ते जाळी तशीच टाकून जातील. त्यांचा तो हक्क आहे. मग उघडं खुराडं, मग कोंबड्या ठेवल्या काय आणि नेल्या काय. नाही सांगितलं तर जाळी पुरी होईल आणि तिच्या आत कुणी नसेल.

"साळवे भाऊ, पक्कड मिली क्या?"

पक्कड हातातच आहे.